कट्ट्यावरची फुंकर

तेर्नोपिल शहराकडच्या एका खेड्यात वीज गेली होती. नातवंडं चुलीला चिकटून बसली, तसा म्हातारा तिमिश म्हणाला, "शेजारच्या ओनुफ्रीचं सांगतो. ऐकीव नाही."

गेल्या नाताळची आदली रात्र. त्या रात्री घरचे मेलेले जेवायला येतात, असं इकडे मानतात. म्हणून बाकावर बसण्याआधी फुंकर मारायची. कुणी बसलेलं असलं तर सरकतं.

ओनुफ्रीची बायको पारास्का त्याच वर्षी गेलेली. मुलगा पोलंडात. अंधार पडताना तिमिशनं कुंपणावरून हाक मारली, "ये रे जेवायला. एकटा काय भिंतींशी बोलत बसतोस?"

"भिंती तुझ्यासारखं डोकं खात नाहीत," म्हणत ओनुफ्री बॅटरी घेऊन टेकडीत खोदलेल्या तळघराकडे निघाला. सार करायला बीट आणायचं होतं.

तळघराची मागची भिंत ढासळली होती. आतून उबदार वारा येत होता. तो वाकून शिरला आणि बघतच राहिला. सगळी गुहा पांढऱ्या जिप्सम दगडाची, खडीसाखरेसारखी चमकणारी. वाटेला वाट फुटत होती. हे पारास्काला दाखवायला हवं होतं, असं मनाशी म्हणत तो किती आत गेला त्यालाच कळलं नाही.

बॅटरी मंदावली. विझली.

त्यानं हाका मारल्या. पण ऐकणार कोण? घरी वाट बघणारं तरी कोण होतं? हाताला धुळीनं भरलेला कट्टा लागला. सवयीनं फुंकर मारून तो बसला. इथंच मेलो तर कुणाला कळणारही नाही, असं त्याच्या मनात आलं.

मग...

शेजारून...

फू.

गालाला वारा लागला.

तो हलला नाही. फुंकर मेलेल्यांसाठी मारायची. मग इथं मेलेला कोण?

दगडावर झगा घासल्यासारखा आवाज झाला.

ओनुफ्री... जरासा सरकला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. लांबून तिमिशची हाक आली, "ओनुफ्री, अरे जेवण निवतंय." घरात दिवा दिसेना म्हणून तो तळघरापर्यंत आला होता. त्या हाकेच्या रोखानं ओनुफ्री चाचपडत बाहेर आला.

"पारास्काआजी होती का ती?" धाकट्या नातीनं विचारलं.

तिमिशनं चुलीत लाकूड सारलं.

"गुहेची बातमी लागून दुसऱ्या दिवशी शहरातून गुहा मापणारी पोरं आली. मीही गेलो आत. कट्ट्यावर ओनुफ्रीची जागा साफ दिसत होती. तिला लागून आणखी एक, लहान... तीही फुंकून साफ केलेली. खाली धुळीत पावलं मात्र एकट्या ओनुफ्रीचीच."