न वाजलेला भोंगा

गणपतीसाठी मुंबईहून गावी आलेली पोरं जेवणं आटपून काशीरामतात्यांच्या पडवीत बसली होती. कुणीतरी म्हणालं, तात्या, भुताची सांगा. तात्या म्हणाले, भुताची मला येत नाही, भिकूची येते. भिकू आपल्या खालच्या वाडीचाच. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितली तशी सांगतो, मधे कुणी बोलायचं नाही.

तरी जितेश बोललाच. भिकूकाका त्या रात्री शुद्धीवर तरी होते का, असं त्यानं विचारलं. बाकीची पोरं हसली. तात्या हसले नाहीत.

"ह्याच प्रश्नानं एका मेलेल्या माणसाला वरीसभर छळलंय, बाबा," ते म्हणाले, आणि सांगू लागले.

दोन हजार चार साल. दसऱ्याचा आदला दिवस, गुरुवार. भिकू महाडच्या एमआयडीसीत शिरक्याच्या कारखान्यात कामाला होता. शिरका म्हणजे लोणच्यात घालतात ते व्हिनेगर. गुळाचं पाणी मोठमोठ्या टाक्यांत आंबवायचं आणि त्याचा शिरका करायचा. अकरा वर्षं झाली होती भिकूला तिथं. त्या दिवशी खंडेनवमीच्या साफसफाईत सुपरवायझरनं एक जुनं कपाट रिकामं केलं. त्यात एक कापडी पिशवी निघाली. आत एक स्वेटर, टॉवेल, नव्यासारख्या चपला. पिशवी सदूची होती. सदू आदल्या खंडेनवमीला कारखान्यात वारला, तो आपल्याच कुडपणच्या वरच्या वाडीतला. सुपरवायझर भिकूला म्हणाला, तू त्याच्या गावचा, सणाला घरी चाललाच आहेस, तर जाता जाता एवढी त्याच्या घरी पोचती कर.

साधं काम. पण भिकूच्या हाताला ती पिशवी जड झाली. वर्षभरात तो सदूच्या दाराशी गेला नव्हता. वाटेत सदूची बायको तुळसा दिसली तर बांधावरून खाली उतरून जायचा.

का, ते सांगतो.

गुळाचं पाणी आंबतं तेव्हा त्यातून एक वायू सुटतो. दिसत नाही. हवेपेक्षा जड, म्हणून पाण्यासारखा खाली उतरतो आणि सखल जागेत साचून राहतो. कारखान्यात टाक्यांच्या मधे दीड पुरुष खोल खड्डा होता, टाक्या उघडायच्या-बंद करायच्या चाव्या त्या खड्ड्यात. वायू साचलेला असताना कुणी उतरलं तर दोन श्वासांत गुडघे जातात आणि माणूस ओरडतसुद्धा नाही. पूर्वी कामगार आधी दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचे. कंदील विझला तर उतरायचं नाही. पुढं मालकानं खड्ड्याच्या काठच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक डबा बसवला. डब्याला बारीक जाळी. त्या जाळीतून त्याला वास लागतो म्हणे. हिरवा दिवा असला की खुशाल उतरा. वायू आला की लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. डबा आला आणि कंदील माळ्यावर गेला.

भिकू देवाधर्माचा माणूस. दर खंडेनवमीला यंत्रांची पूजा त्याच्याकडंच असायची. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीनला, त्यानं पंपाला, मोटारीला, पान्या-पकडींना हळदीकुंकवाचं ओलं गंध लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. मग त्याची नजर डब्याकडं गेली. सगळ्यांचा जीव राखतो तो हा, आणि ह्यालाच विसरायचं? त्यानं वाटीतलं उरलेलं सगळं गंध घेतलं आणि पाची बोटांनी डब्याच्या जाळीवर थापलं. हात जोडले. सदू बाजूलाच नारळ फोडत होता. तो म्हणाला, देवाला लावलंस त्याच्या दुप्पट गंध त्याला लावलंस की रे.

दुपारी सगळे घरी गेले. आंबवण काही सण पाळत नाही, म्हणून हे दोघं थांबले. तोवर गंध वाळून जाळीवर खपली धरली होती. साडेपाचला भिकू चहा घेऊन आला, तर सदू दिसेना. त्यानं खड्ड्यात वाकून पाहिलं. सदू खाली पालथा पडला होता. एक हात चावीवर.

भिंतीवर हिरवा दिवा.

भिकूला तिथल्या तिथं सगळं कळलं. तो गुडघ्यावर बसला आणि सदऱ्याच्या बाहीनं जाळी पुसू लागला. का पुसली, ते त्याला कधीच सांगता आलं नाही. सदूला वाचवायचं म्हणून? की कुणी बघू नये म्हणून? खपली निघाली आणि डबा एकदम केकाटला. लाल दिवा. भोंगा. त्या आवाजानं गेटवरचा वॉचमन धावत आला, शेजारच्या कारखान्यातली माणसं आली. गळ टाकून सदूला वर काढलं. तो गेला होता.

आता बघा काय झालं. जे आले त्यांनी भोंगा वाजताना ऐकला. सदूच्या कपड्यांना आंबवणाचा, दारूसारखा वास. सदू मुंबईला असताना प्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक. त्यांनी दोन आणि दोन चार केले. एवढा भोंगा वाजत असताना उतरला, म्हणजे शुद्धीवर नव्हता. कागदावरही तसंच गेलं. भिकूला विचारलं. भिकूनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, मित्राची लाज राखतोय.

सदूनं सहा वर्षांपूर्वी आईच्या, ठकूबाईच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली होती. मरताना तो प्यायलेला होता असं म्हातारीनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली की, माझ्या डोक्यावरचा हात खोटा होता. त्यानंतर तिनं त्याचं नाव घेतलं नाही. पितृपक्ष आला. घराघरांतून मेलेल्या माणसांना पान वाढलं गेलं. तुळसानं सदूसाठी पान मांडलं, तर म्हातारीनं ते उचलून गोठ्यात नेलं. त्या घरात सदूला घास नव्हता.

ह्या घरी भिकूला पिशवी पोचवायची होती.

पोलादपूरहून शेवटच्या एसटीनं त्याला घाटाच्या पायथ्याशी सोडलं तेव्हा पावणेदहा झाले होते. पुढं चालत. पाऊस संपून पंधरा दिवस झाले होते, गवत कमरेएवढं. नवमीचा चंद्र मावळतीच्या डोंगराकडं कललेला. वाटेत त्याला कुत्रंसुद्धा भेटलं नाही. अकराच्या सुमाराला तो ओहोळावरच्या मोरीपाशी, त्या लहान पुलापाशी आला. तिथं रस्ता खोलगट होतो आणि मग वरच्या वाडीची चढण लागते. इथून दोन रस्ते. एक सदूच्या घराकडं. एक खालून, आपल्या वाडीकडं.

पिशवी उद्या कुणाच्या तरी हातून पाठवू, असं त्याच्या मनात आलं. तो मोरीच्या कठड्यावर बसला. बिडी काढली. काडी ओढली.

काडी पेटली आणि विझली.

वारा नव्हता. दुसरी ओढली. तीही गेली. भिकू उभा राहिला, तिसरी ओढली, ती नीट पेटली. बिडीकडं न्यायच्या ऐवजी तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं काडी हळूहळू खाली नेली. छातीपर्यंत जळत होती. कमरेशी आली... गेली.

पुन्हा एक. कमरेशी गेली.

पुन्हा.

त्याच जागी. पाण्याला रेघ असावी तशी.

उघड्यावर. डोंगरात. जिथं आंबवण नाही, टाकी नाही.

मग त्याच्या ध्यानात आलं की रातकिडे थांबलेत. ओहोळाचं पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. आणि वास आला. आंबट. गुळाचा.

रस्त्याच्या सखल भागात, पाच-सात पावलांवर, कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठ इकडं. अंगावर कामाचे कपडे. खांदे हलत नव्हते. माणूस श्वास घेतो तेव्हा खांदे हलतात ना... ते हलत नव्हते.

भिकूचे पाय जागीच रुतले. त्याला वाटलं, आता हा वळेल. आता उठेल. माझा गळा धरेल.

तो वळला नाही.

"भिकू..."

आवाज सदूचाच. पण खालून यावा तसा.

भिकूनं पिशवी छातीशी धरली.

"भिकू, भोंगा वाजत व्हता का रे?"

...

"समदी म्हनतात, वाजत व्हता. मग मला कसा नाय ऐकू आला?"

पोरांनो, भिकू मला म्हणाला, त्यानं माझा गळा दाबला असता तर बरं झालं असतं. वर्षभर तो बिचारा तिथं बसून स्वतःलाच विचारत होता. माझंच चुकलं का. मीच का ऐकलं नाही. भिकूवर त्याचा राग नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं.

"आय म्हनते मी प्यायलो व्हतो," तो म्हणाला. "मला तर आठवत नाय. प्यायलो व्हतो का रे मी?"

भिकू मोरीच्या कठड्याला धरून खाली बसला. रेघेच्या खाली. डोकं गरगरायला लागलं, कानांत दडे बसले. तरी तो बोलला.

"नाय सदू. तू प्यायला नव्हतास. भोंगा वाजतच नव्हता. माझ्या गंधानं त्याचं तोंड बुजलं व्हतं. मी पुसलं, मग वाजला. मी पुसलं..."

पुढं काही नाही. बराच वेळ.

मग कुठंतरी एक रातकिडा ओरडला. मग दुसरा. पाण्याचा आवाज आला. भिकूनं वर पाहिलं, तर रस्ता मोकळा. चंद्र डोंगराआड गेला होता. त्यानं काडी ओढली आणि पार जमिनीपर्यंत नेली. बोट भाजेस्तोवर ती जळत राहिली.

तो चढण चढला. सदूचं दार वाजवलं तेव्हा साडेबारा वाजून गेले असतील. तुळसानं दार उघडलं. पिशवी पाहून तिला वाटलं, तेवढ्यासाठी आला. भिकू उंबऱ्याबाहेरच बसला आणि त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. गंध, खपली, हिरवा दिवा, बाही. मोरीवरचंही सांगितलं. आत ठकूबाई घोंगडीत बसून ऐकत होती.

तुळसा दाराची चौकट धरून उभी होती. ती म्हणाली, "वरीसभर माझी पोरगी शाळेतनं रडत आली, भिकूभाऊजी. दारुड्याची म्हनून. तवा तुमी कुटं व्हतात?"

भिकूनं पिशवी उंबऱ्यावर ठेवली.

"मला एकटीला सांगून नाय भागायचं," ती म्हणाली. "सकाळी देवळापुढं सोनं वाटतील. समदा गाव असंल. तिथं सांगा. हेच, असंच."

भिकूनं मान हलवली.

तेवढ्यात आतून भांड्याचा आवाज आला. म्हातारी उठली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, काठीशिवाय चालत नव्हती. तिनं चूल पेटवली. भात टाकला. तुळसा हात लावायला गेली तर तिला बाजूला सारलं. भात झाला तसं घरामागच्या परड्यातून स्वतः केळीचं पान कापून आणलं, धुतलं. त्यावर भात, वर वरण, कडेला मीठ. अंगणाच्या टोकाला, जोत्याखाली, तिनं ते पान मांडलं आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

"ये रे माज्या बाबा," ती अंधाराकडं बघून म्हणाली. "आयनं उपाशी ठेवला तुला."

वाढल्यावर मागं वळून बघायचं नसतं. तिनं सगळ्यांना आत घेतलं. दार लावलं. भिकूला जायला निघू दिलं नाही, भिंतीशी घोंगडी टाकून दिली. त्याच्याशी बोलली मात्र नाही. त्या रात्री नाही, पुढंही कधी नाही.

त्या घरात कुणी झोपलं नाही. बाहेर काही वाजलं नाही. वाडीतली तीन-चार कुत्री बांधावर येऊन बसल्याचं फटीतून दिसत होतं. बसली होती नुसती. एकही पुढं सरकलं नाही, एकही भुंकलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी भिकू देवळापुढं उभा राहिला आणि गावासमोर बोलला. कारखान्यातही जाऊन त्यानं साहेबापुढं सगळं लिहून दिलं. त्याची नोकरी गेली. ते राहू द्या.

मी सांगतोय ते त्याच्या आधीचं. पहाटे फटफटताना म्हातारीनं दार उघडलं. अंगणभर दव पडलं होतं, त्यावर कुणाचं पाऊल नव्हतं. कुत्री निघून गेली होती. तांब्या रिकामा होता. आणि पान...

कावळ्यानं टोचलं असतं तर शितं सांडली असती. कुत्र्यानं ओढलं असतं तर फाटलं असतं.

पान मधोमध दुमडलेलं होतं. पोटभर जेवून उठलेला माणूस दुमडतो, तसं. नीट, कडेला कड लावून.

भिकू उघडून बघायला वाकला. ठकूबाईनं काठी आडवी घातली.