तिसऱ्या पायरीवरून ताश्कंद

कुमुदिनी सरनोबत यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या सकाळी ताश्कंद शहर पसरलं होतं. शर्वरीनं आपला घडीचा पडदा मिसळणाच्या डब्याशेजारी रुमालासारखा उलगडला होता आणि त्यावर बोट फिरवत ती आत्याला रस्ते दाखवत होती.

"हे स्टेडियम. हे आपलं हॉटेल. मधे मेट्रोची चार स्टेशनं. एकही जिना चढायचा नाही, सगळीकडे सरकते आहेत."

"आणि दवाखाना?"

"स्टेडियमपासून सात मिनिटं. मी आधी दवाखाना शोधला, मग हॉटेल."

कुमुदिनीबाई हसल्या. वय एकाहत्तर. कोल्हापूरच्या एका कन्याशाळेत त्यांनी तेहेतीस वर्षं खेळ शिकवला होता आणि मुलींच्या हाती उड्यांच्या दोरीऐवजी फुटबॉल दिला होता. या शहरात फुटबॉलचं वेड घरोघरी, पण मुलींनी तो खेळायचा म्हटल्यावर पालक शाळेत भांडायला येत. बाई त्यांना चहा पाजून परत पाठवत आणि दुसऱ्या दिवशी मुलीला मैदानावर उभी करत.

तेवढ्यात पडद्यावर घंटी वाजली. शर्वरी ओरडली, "आली! आत्या, तिकिटं आली! भारत विरुद्ध उझबेकिस्तान, नववी रांग, दोन खुर्च्या! रुक्सानानं स्वतः मागून घेतलीत."

बाईंच्या छातीत काहीतरी उसळलं. चेहरा फुलला. एक, दोन, तीन. गळपट्टीच्या हाडाखाली मुंगी चालल्यासारखं झालं आणि ती उसळी दुधावर पाणी शिंपडावं तशी खाली बसली. चेहऱ्यावरचं हसू तेवढं उरलं, आतून आधार नसलेलं.

"आला का दाणा मधे?" शर्वरीनं विचारलं.

"आला. असू दे. पुढचं दाखव."

त्याचं खरं नाव लयरक्षक. घरात सगळे त्याला दाणाच म्हणत, कारण तो जोंधळ्याच्या दाण्याएवढा होता. चार वर्षांपूर्वी आंतरशालेय अंतिम सामन्यात बाईंच्या जुन्या शाळेच्या मुलींनी शेवटच्या मिनिटाला गोल केला, आणि बाई हात वर करून नाचता नाचता मैदानाच्या कडेला कोसळल्या. भावनेची मोठी लाट आली की हृदयाची लय तुटायची, असा तो विकार. राग, भीती, आनंद, त्याला सगळं सारखंच. डॉ. निरंजन शिंत्रे यांनी दाणा बसवला. लाट येतेय असं दिसताच तो मानेतल्या मज्जातंतूला इवलासा झटका देतो आणि हृदय ताळ्यावर राहतं. या चार वर्षांत बाई एकदाही कोसळल्या नव्हत्या. एकदाही रडल्या नव्हत्या.

रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना त्या डॉक्टरांचं नाव घेऊन मनातल्या मनात नमस्कार करत. चार वर्षं ही काही थोडी मिळकत नव्हे.

रुक्साना मुजावर ही भारतीय महिला संघाची गोलरक्षक. तिचे वडील गवंडी. सुट्टीत ती त्यांच्या हाताखाली जायची. खालून एक गडी वीट वर फेकायचा आणि पहिल्या मजल्याच्या परांचीवर उभी राहून बारा वर्षांची रुक्साना ती झेलायची. एकदा बाई त्या रस्त्यानं चालल्या होत्या. त्या अर्धा तास उन्हात थांबल्या. पोरीनं एकही वीट सोडली नाही. संध्याकाळी बाई मुजावरांच्या घरी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ही पोर मला द्या. विटा झेलण्यात हात फुकट चाललेत तिचे." त्या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली होती. आशियाई स्पर्धेसाठी संघ ताश्कंदला निघाला, तेव्हा रुक्सानानं सर्वांत आधी बाईंना फोन केला होता.

व्हिसा झाला, विमान ठरलं. राहिली डॉक्टरांची परवानगी.

डॉ. शिंत्रे मूळचे पुण्याचे. कोल्हापूरच्या जुन्या बायका 'मी जाते' न म्हणता 'मी जातो' म्हणतात, याचं त्यांना अजूनही हसू येई. पण त्या दिवशी ते हसले नाहीत.

"बाई, तुमचा दाणा ताकदीच्या पहिल्या पायरीवर आहे. घरी तेवढं पुरतं. स्टेडियममध्ये पस्तीस हजार माणसं ओरडणार, समोर तुमची विद्यार्थिनी असणार. पहिली पायरी तिथे टिकणार नाही, दुसरीही नाही. मी तुम्हाला तिसऱ्या पायरीवर पाठवू शकतो."

"तिसऱ्या पायरीवर काय होतंय?"

"सगळं दिसेल, सगळं कळेल. फक्त उसळणार काही नाही. काचेआडून पाहिल्यासारखं वाटेल. भारतातून निघाल्यापासून परत येईपर्यंत."

बाई म्हणाल्या, "मग एवढ्या लांब कशाला जातो मी? काचेआडूनच बघायचं तर हितं टीव्ही आहे की."

घरी येऊन त्यांनी शर्वरीला तिकिटं परत करायला सांगितली. शर्वरीनं वाद घातला नाही. तिनं फक्त सराव शिबिरात रुक्सानाला फोन लावला आणि पडदा आत्यासमोर ठेवून ती बाहेर गेली.

"बाई, शर्वरी काय म्हणतीय? तुम्ही येणार न्हाई?"

"अगं, धोंड्यासारखा बसून राहणार मी तिथं. तुझं चांगलं झालं तर हसू यायचं न्हाई, वाईट झालं तर रडू यायचं न्हाई. असलं माणूस कशाला पाहिजे तुला?"

पलीकडे रुक्सानानं हातमोजे काढल्याचा आवाज आला.

"बाई, मी सातवीत असताना इचलकरंजीत पाच गोल खाल्ले होते. पोरी रडायला लागल्या, पालक ओरडायला लागले. तुम्ही काय केलं, आठवतंय?"

"काय केलं?"

"काहीच न्हाई. गोलच्या जाळीमागं येऊन उभ्या राहिल्या. एक शब्द बोलला न्हाई. पण सहावा गोल झाला न्हाई. तवा कुठं दाणा होता तुमच्यात? बाई, तुम्हाला काय वाटंल त्याच्यासाठी न्हाई बोलवत मी. तुम्ही तिथं पाहिजे. बास."

बाईंनी शर्वरीला हाक मारली. "ती तिकिटं परत केलीस का?"

"नाही," शर्वरी दारातूनच म्हणाली. "बॅगेत लोकरीची शाल टाकलीय. तिथं गार असतं."

ताश्कंदला त्या उतरल्या तेव्हा ऊन कोवळं होतं आणि रस्त्याच्या दुतर्फा चिनार हलत होते. मेट्रोच्या स्टेशनांत राजवाड्यासारखी झुंबरं होती. बाईंना ती सुंदर दिसली. सुंदर आहेत हे त्यांना कळलं. त्यापुढे काही झालं नाही. दाण्याची पायरी आणि नाडी दाखवणाऱ्या मनगटावरच्या पट्टीवर तीनचा आकडा शांतपणे जळत होता.

सामना दुपारी चारचा. बरोबरी झाली तरी भारत पुढच्या फेरीत जाणार होता, आणि यजमानांना जिंकावंच लागणार होतं. बाईंच्या शेजारी डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक उझबेक म्हातारी बसली होती. तिनं आपल्याजवळची गोल, जाड रोटी मोडून अर्धी बाईंपुढे केली. बाईंनी पिशवीतून डिंकाचा लाडू काढून तिला दिला. म्हातारीनं छातीवर हात ठेवून म्हटलं, "रहमत."

कानात अडकवलेलं दुभाषी यंत्र कुजबुजलं : "धन्यवाद."

"बघ शर्वरी," बाई म्हणाल्या, "आपल्याकडं रहमत म्हणजे देवाची कृपा. हितं आभार."

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गोलसंख्या एक-एक अशी असताना भारताच्या बचावपटूचा हात चेंडूला लागला. पंचांनी पेनल्टीची खूण केली. पस्तीस हजार माणसं उभी राहिली. शेजारची म्हातारी रुमालाचं टोक दातात धरून काही पुटपुटू लागली. शर्वरीनं डोळे मिटून घेतले.

बाईंनी मिटले नाहीत. त्यांना प्रत्येक गोष्ट स्वच्छ दिसत होती. रुक्साना रेषेवर उभी राहिली. शिट्टी झाली. रुक्सानानं उजवीकडे झेप घेतली आणि चेंडू मधोमध आला. चुकलीच होती ती. पण हवेत असतानाच तिनं मागे राहिलेला पाय खेचला आणि टाचेला लागून चेंडू परत फिरला. समोरच्या खेळाडूनं तो पुन्हा मारला. तोवर रुक्साना गुडघ्यांवर आली होती. तिनं चेंडू पोटाशी धरला आणि त्याच्यावर अंग टाकलं.

स्टेडियम मुकं झालं. एका कोपऱ्यात दोनशे-तीनशे भारतीय वेड्यासारखे ओरडत होते. शर्वरी रडत होती, हसत होती, आत्याचा खांदा गदागदा हलवत होती. रुक्साना उठली, चेंडू काखेत धरून तिनं नवव्या रांगेकडे पाहिलं. बाईंनी हात वर केला.

छातीत मुंगी चालली. मग सारं सपाट झालं.

सामना बरोबरीत सुटला आणि यजमान स्पर्धेबाहेर गेले. शेजारच्या म्हातारीनं ओल्या डोळ्यांनी बाईंचा हात दाबला, आणि बाईंना वाटलं, हरलेल्या या बाईला जेवढं वाटतंय तेवढंही मला वाटत नाही. त्या वाटण्याचंही त्यांना दुःख झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन रुक्साना हॉटेलवर आली. तिचा अंगठा सुजला होता. खिडकीशी बसून तिनं वाटीतला सुका जर्दाळू तोंडात टाकला आणि विचारलं, "बाई, खरं सांगा. काय वाटलं?"

शर्वरीनं तिच्याकडे दटावून पाहिलं. पण बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"काहीच वाटलं न्हाई, पोरी. पण मी बघितलं. पायाची टाच लागली ती बघितली, तू उठून माझ्याकडं बघितलंस ते बघितलं. काही सुटलं न्हाई माझ्या नजरेतनं."

"मग झालं की," रुक्साना म्हणाली.

"अंगठा दाखव."

शाळेत असताना करत तसंच बाईंनी तिचा हात मांडीवर घेतला. शर्वरीनं पट्टीची गुंडाळी दिली. बाई सावकाश, एकावर एक वेढे देत अंगठा बांधू लागल्या. त्या हातावर विटांच्या जुन्या खुणा अजून होत्या. तळवा मोठा झाला होता, बोटं रुंद झाली होती. कितीतरी वेळ त्या नुसतं बांधत होत्या.

पट्टीवर एक थेंब पडला. मग दुसरा.

शर्वरी दचकून उठली आणि तिनं आत्याचं मनगट पकडलं. आकडा तीनच होता. नाडी अडुसष्ट. दाणा गप्प होता.

"आत्या, तू रडतीयेस?"

बाईंनी गालाला हात लावून पाहिला. "व्हय की," त्या नवल वाटून म्हणाल्या. रडू उसळून येत नव्हतं. विहिरीत झरा पाझरावा तसं ते येत होतं, सावकाश, कुणाला न विचारता. रुक्सानानं हात काढून घेतला नाही.

कोल्हापुरात परत आल्यावर डॉ. शिंत्रे यांनी दाण्याची त्या दिवसांची नोंद पडद्यावर लावली. पेनल्टीच्या क्षणी दाणा सहा वेळा जागा झाला होता. हॉटेलातल्या सकाळी एकदाही नाही. तिथं रेष चढली होती खरी, पण इतकी हळू की सावली सरकावी. वीस मिनिटं ती चढत राहिली होती आणि हृदयाची लय एकदाही चुकली नव्हती.

"हे कशाचं रडू होतं, बाई?"

"आभाराचं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "त्या पोरीच्या. तुमच्या. खरं सांगू, त्या दाण्याच्यासुद्धा. तो नसता तर मी ताश्कंदपर्यंत पोचलोच नसतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ते तो पुसत राहिले. मग त्यांनी मेजावरचं एक पत्र बाईंपुढे सरकवलं. दाणा बनवणाऱ्या प्रयोगशाळेनं ते पाठवलं होतं. देशभरातल्या चाळीस हजार रुग्णांसाठी पुढची सुधारणा तयार होत होती. सावकाश चढणाऱ्या लाटाही आता दाण्याला ओळखता येणार होत्या. संरक्षण अधिक पक्कं होणार होतं. त्यासाठी ज्यांची नोंद नमुना म्हणून हवी होती, त्यांत चार वर्षं दाणा वापरणाऱ्या बाईंचं नाव पहिलं होतं.

"या वीस मिनिटांसारखी नोंद त्यांच्याकडे एकही नाही," डॉक्टर म्हणाले. "मी ती पाठवली, तर दाणा हेही थांबवायला शिकेल. नाही पाठवली आणि उद्या कुणाचं हृदय अशाच संथ लाटेनं थांबलं, तर तो दोष माझा. चार वर्षं तुम्ही या दाण्यासोबत जगलात, म्हणून तुम्हालाच विचारतो. बाई, याला हे पकडायला शिकवायचं, की सोडून द्यायला?"