गाडीखालची जागा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर माझ्या भावाच्या तीन बरगड्यांना विचारा.

दोन वर्षं झाली. रविवार. दुपारचे तीन. ही काही भुताखेताची वेळ नाही, हे मलाही कळतं. पण झालं तेव्हाच.

आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी चार लोखंडी स्टँडवर उचललेली होती. खाली माझा धाकटा भाऊ, उताणा. गुडघ्यापासून पाय तेवढे बाहेर.

गाडी जुनीच घेतलेली. इंजिनाखालचा ऑइल चेंबर चेपून गळायला लागला होता. "खड्ड्यात आपटली असेल," असं विकणारा म्हणाला होता. भावाने नवा चेंबर आणला. गॅरेजवाल्याच्या हातात गाडी द्यायची म्हणजे त्याच्या जिवावर येतं.

"ताई, दहाचा पाना."

दिला. निघालेला प्रत्येक बोल्ट मी पुठ्ठ्यात खोचून ठेवत होते, ज्या जागचा त्या जागी. माझं काम तेवढंच. आणि टोमणे मारायचं.

"उद्याच्या जेवणापर्यंत होईल ना?"

"तू बोल्ट मोज."

शेवटचे दोन राहिले. चेंबर पॅकिंगला घट्ट चिकटला होता. त्याने रबरी हातोडीने ठोकलं.

ठक. ठक.

...ठक.

"ताई, गाडी वाजवू नकोस. मी खाली आहे."

"माझ्या हातात चहाचा कप आहे."

त्याने चेंबरवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "हा दगडाने चेपलेला नाही गं. चार खळगे आहेत, एका ओळीत. बोटांच्या पेरांचे असावेत तसे. माझी मूठ बसत नाही... तुझी बसेल."

खालून बुक्के मारलेले. कोणीतरी याच गाडीखाली अडकून.

"बाहेर ये."

"दोनच तर बोल्ट..."

...आणि त्याचे पाय उसळले.

आतमध्ये त्याचं अंग वर फेकलं गेलं, चेंबरवर आदळलं. खाली. पुन्हा वर.

धप्प. धप्प. धप्प.

बरगडी मोडल्याचं मी ऐकलं. लाकडी हँगर मोडतो ना, तसं. तो ओरडला नाही. ओरडायला श्वासच नव्हता.

गाडी डुलायला लागली. एक स्टँड तिरकं झालं.

कप फेकला. त्याचे दोन्ही घोटे धरले आणि ओढलं.

हलेना.

लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन गावभर हिंडलेय. तो काय वजनाचा आहे, ते माझ्या कंबरेला माहीत आहे. हे त्याच्या एकट्याचं वजन नव्हतं.

शेडच्या खांबाला पाय लावला. त्याला शिव्या घातल्या, स्वतःला घातल्या, जीव खाऊन ओढलं.

सुटला.

मागोमाग स्टँड घसरलं. त्याची छाती होती तिथे गाडी धाडकन बसली.

त्याचं तोंड रक्ताने भरलं होतं. पण श्वास चालू होता.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मारामारी कोणाशी झाली? बरगड्या पाठीकडून मोडल्यात. पाठभर मुठींचे वळ आहेत."

पाठ तर सिमेंटला टेकलेली होती.

आता तो बरा आहे. पालथा झोपतो. एकदा म्हणाला, "ताई, खाली जी होती ना, ती मला मारत नव्हती. मी तिच्या अंगावर पडलो होतो. ती मला बाजूला सारत होती."

नवा चेंबर गॅरेजवाल्याने बसवला. अजून त्याला एक पोचा नाही. "गेली ती," भाऊ म्हणतो.

गेली असेल.

पण त्या संध्याकाळी मी शेड पुसायला घेतली तेव्हा जमिनीवर तेलाचे दोन फराटे होते. एक भावाला जिथवर ओढलं तिथवर. दुसरा त्याला लागूनच... पण थांबलेला नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेला.

तो मी पुसला. भावाला सांगितलं नाही.

त्या दुपारी मी दोघांना ओढून काढलं.

दवाखान्यात नेलं एकालाच.