आठवं झाड

हसायचं नंतर, आधी ऐका. व्हर्मॉन्टच्या डोंगरात हुल्डा क्रॉकेट नावाची बाई होती. पूर्वी फिरते रंगारी घरोघर जाऊन कागदी साच्यानं भिंतींवर फुलंझाडं उमटवायचे ना, ते बंद पडलेलं काम हिनं पुन्हा धरलं होतं. साचा कापायचा, रंग दुधात कालवायचा, आखूड ब्रशनं टपटप ठोकायचा.

त्या दिवशी ती असाहेल म्हाताऱ्याच्या घरी होती. घरात तो आणि त्याची थोरली बहीण झिल्पा, बस. म्हातारा महाखट्याळ. सकाळीच त्यानं हुल्डाच्या दुधात मूठभर मीठ टाकलं. रंगाला मिठाचं काय, म्हणून तिनं तेच दूध वापरलं. पण एक डोळा त्याच्यावर ठेवूनच.

पुढच्या खोलीतला भिंतकागद सोलल्यावर खालून रंगात उमटवलेले सात विलो वृक्ष निघाले. फांद्या खाली सोडलेले, शंभर वर्षांचे. कोपऱ्यात एका झाडाची जागा रिकामी. रंगाऱ्यानं कंटाळा केला असणार, हुल्डाला वाटलं. तिनं एक झाड पातळ कागदावर उतरवून साचा कापला. कापताना सुरी घसरली. खालच्या फांदीला काट्याएवढी चीर गेली. कोण बघतंय! तोच साचा धरून तिनं आठवं झाड ठोकून टाकलं.

झिल्पा कॉफी घेऊन आली आणि दारातच थांबली.

"हे... हे कोणी लावलं?"

"मीच. जागा रिकामी होती."

"रिकामी नव्हती, बाई. सोडलेली होती. ह्या खोलीतनं शवपेटी गेली की मग झाड उमटवायचे. आधी नाही. रिकामी जागा माणूस मागते म्हणून आजीनं कागद चिकटवला. साचाही चुलीत घातला. माझ्यासमोर."

असाहेल खिदळला. "झिल्पे, तुझा नंबर की माझा?"

"तूच जा आधी, मेल्या!" पण तिनं कप खाली ठेवला आणि भिंतीपासून लांब सरकली.

"घाबरू नका, ओलंय अजून. पुसते मी." हुल्डानं फडकं घासलं. रंग हलेना. नखानं खरवडलं. दगड!

"काका, माझ्या दुधात चुना टाकलात ना?"

"मीठ टाकलं, कबूल. चुना नाही... आईशप्पथ."

म्हातारा हसत नव्हता. हुल्डाला तेच आवडलं नाही. ह्यानं भिंतीलाही हात लावला असेल तर? तिनं साचा उचलून सगळ्यात जुन्या झाडावर धरला. नेमका बसला. चिरेवर चीर.

चीर?

ती दुसऱ्या झाडाकडे गेली. तिसऱ्या. सातही झाडांच्या खालच्या फांदीला काट्याएवढी चीर. पातळ कागद उलगडला. झाड उतरवलेल्या त्या कागदावर चीर नव्हती.

"काका, हे तुम्हीच..."

"माझे हात बघ की, बाई." दोन्ही हात लटलटत होते. ब्रश धरायची सोय नव्हती.

तिघं एकमेकांकडे बघत राहिली. कोण खोकतंय, कोणाला धाप लागतेय...

हुल्डाच्या बोटांना गार लागलं. जुन्या झाडाचा हिरवा रंग बोटांना आला होता. ओला. ताज्या दुधाचा वास येत होता.

तिनं बोट जिभेला लावलं.

खारट.