चंदनबालाबाईंचा सूर्यास्त

जुनी वस्तू टाकून देणं जिनेश मगदूमला जमत नसे. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला होता आणि बंद पडलेलं यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवायला लागायचे. घरचा मिक्सर इतक्या वेळा खोलून झाला होता की त्याची बायको प्रियदर्शनी म्हणायची, "एक दिवस मलाही खोलून बघाल." त्यामुळे आईचा फोन जुना झालाय, नवा घेऊन देऊ या, असं तिनं सुचवलं तेव्हा तो जवळजवळ दुखावलाच. फोनला काय धाड भरली होती? आतली सिस्टिम तेवढी जुनी झाली होती.

त्याची आई, चंदनबालाबाई, पलूसजवळच्या मळ्यात एकटी राहायची. सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही, हा तिचा नेम लग्नाआधीपासूनचा. पूर्वी ती उंबऱ्यात उभी राहून तळहात डोळ्यांसमोर धरायची. हातावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या की जेवणखाण बंद. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला. त्यात चातुर्मासात आभाळ असं गच्च भरलेलं असायचं की दुपार कोणती आणि सांज कोणती, ते चांगल्या डोळ्यांनाही कळू नये. म्हणून जिनेशनं तिच्या फोनमध्ये सूर्यास्ताची वेळ सांगणारं ॲप टाकून दिलं होतं. गावातल्या जैन बस्तीतली घंटा रेकॉर्ड करून तीच त्याला लावली होती. घंटा वाजली की आई हात धुऊन मोकळी. बस्तीत चार बायकांना ती कौतुकानं सांगायचीही, पोरानं माझ्यासाठी सूर्याला घंटा बांधली म्हणून.

यंदा आषाढात ते ॲप बंद पडलं. सिस्टिम अपडेट करा, म्हणायला लागलं. कंपनीनं त्या मॉडेलचे अपडेट कधीच थांबवले होते. पण जिनेश थोडाच हार मानतोय? जुन्या फोनांसाठी कुण्या हौशी माणसानं बनवलेली नवी सिस्टिम त्यानं इंटरनेटवर हुडकून काढली, रविवारी लॅपटॉप घेऊन मळ्यात गेला आणि सोप्यात बसून ती फोनमध्ये भरली. पडद्यावरची रेघ सरकत सरकत भरली. फोन नव्या नवरीसारखा चकाचक होऊन उठला आणि एकामागून एक परवानग्या मागू लागला. जागा कळू द्यायची का? हो. घड्याळ हाताळू द्यायचं का? हो. पुढंही बरंच काहीबाही होतं, पण आईनं ताट वाढलं होतं आणि आमटीचा वास सुटला होता. न वाचताच त्यानं हो-हो करत सगळं उरकलं.

जेवण झालं की आई त्याला रोज फोन करायची. तो तेव्हा कारखान्यातून घरी निघालेला असायचा. पुढच्या आठवड्यात तिचा फोन संध्याकाळच्या चहाच्या वेळी आला.

"जेवले बघ."

"आज लवकर?"

"दिस बुडला की रं. घंटा वाजली."

ढग असतील, असं म्हणून त्यानं चहाचा कप उचलला. नंतर एकदा चहाच्या आधीच फोन आला, मग दुपारच्या सुट्टीनंतर लगेच. फोनला जागा चुकीची कळत असणार, हे त्याच्या ध्यानात आलं. कुठलं बटण दाबायचं ते तो आईला सांगू लागला. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"फोनचं सोड," ती म्हणाली. "मी दारात जाऊन बघितलं. मिट्ट काळोख हाय."

त्याच्यासमोर कारखान्याच्या फरशीवर उन्हाचा पट्टा पडला होता. त्याला हसू आलं, आणि ते पुरतं यायच्या आत विरूनही गेलं.

दोन दिवसांनी बांधापलीकडच्या बनुबाईंचा फोन आला. "जिनूदादा, एकदा येऊन जावा. काकी दिवसाढवळ्या बॅटरी घिऊन हिंडत्यात. मी म्हनलं, काकी, ऊन पडलंय. तर म्हनत्यात, बनू, तू एवढ्या रातीची कशी आलीस?"

शनिवारी सकाळीच तो मळ्यात पोचला. आई दारात आली. तिच्या हातातली सोन्याची पाटली पार कोपराकडं सरकली होती.

"अगं, खातेस तरी काय?"

"घावंल तेवढं. बस्तीत दर्शन झाल्याबिगर खायचं न्हाई, मग सैपाक, आन ताटावर बसते तवर घंटा. अन्न टाकायला लागतंय म्हणून आता वाढूनच थोडं घेते."

"पण उठायचं कशाला? बाहेर दिवस असतो!"

"तुझ्याकडं असंल," आई म्हणाली.

त्यानं तिला गाडीत घालून सांगलीला नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. डोळे उत्तम आहेत, ते म्हणाले, तुम्हीच चष्म्याचा नंबर बघून घ्या. जिनेशला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. परतीच्या वाटेवर तो घडीघडी आरशातून मागं बघत होता. आई खिडकीतून ऊस बघत बसली होती, आणि अजून तरी तिला तो दिसत होता.

घरी येताच ती जेवायला बसली. फोन हातात घेऊन तो मुद्दाम उंबऱ्यावर बसला. बऱ्याच दिवसांनी लख्ख ऊन पडलं होतं, अंगणातलं डबकं डोळ्यांवर चमकत होतं. ताटात अर्धी भाकरी होती. आईनं दोन घास घेतले असतील नसतील, आणि फोनमध्ये बस्तीची घंटा वाजली.

आईनं हातातला घास खाली ठेवला. उठली. भिंत चाचपत मोरीकडं गेली. तिचे डोळे सताड उघडे होते.

"आई, हे बघ, ऊन आहे. माझ्याकडं बघ."

ती आवाजाच्या दिशेनं वळली आणि त्याच्या खांद्यापलीकडं बघत म्हणाली, "दिवा लाव की रं. तू तरी कशाला अंधारात बसलायस?"

तेवढ्यात त्याला वास आला. रातराणीचा. कुंपणाजवळचं झाड भर उन्हात घमघमत होतं. त्याच्या शेजारची गुलबक्षी मघाशी मिटलेली होती, हे त्याला नक्की आठवत होतं. आता ती सगळी उमलली होती. धारेच्या वेळी हंबरते तशी गाय हंबरली. साळुंक्यांचा थवाच्या थवा आंब्यात शिरला, कलकलाट करून बसला आणि गप्प झाला. बांधापलीकडं बनुबाईंच्या कोंबड्या मात्र उन्हात निवांत उकरत होत्या.

जिनेश घाबरला. लहानपणी विहिरीत वाकून बघताना तोल गेला होता, तसा घाबरला.

त्यानं ॲप काढून टाकलं, फोन बंद केला आणि फळीवर ठेवला. रविवारी त्या बंद फोनमधून घंटा वाजली. कालच्यापेक्षाही लवकर.

तो धावत अंगणात आला. आभाळ निळंभोर होतं. पूर्वी आई करायची तसा त्यानं तळहात डोळ्यांसमोर धरला.

हात दिसत होता. रेषा नव्हत्या.

मग हळूहळू त्या उमटल्या. त्यानं तो हात पँटला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. त्याच दुपारी तो पलूसला जाऊन आईसाठी बटणांचा साधा फोन घेऊन आला आणि जुना फोन खिशात घालून साताऱ्याला निघाला.

साताऱ्यात त्यानं फोन खोलला. बॅटरी वेगळी काढली, सुटे भाग स्टीलच्या डब्यात घातले आणि डबा कपाटावर सरकवला. आता कसा वाजतोस बघू, असं तो मोठ्यानं म्हणालासुद्धा. त्याची पहिलीतली मुलगी प्रांजल खुदकन हसली.

आणि आईचं सगळं सुरळीत झालं. तिचे फोन पुन्हा संध्याकाळी येऊ लागले. आज धपाटं खाल्लं, आज बनूनं काकडी दिली, असं काय काय सांगायची. आवाजात जीव आला होता. त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्या आठवड्यात त्यानं शेजाऱ्यांचा गीझरही फुकट दुरुस्त करून दिला.

पुढच्या आठवड्यात त्याची पहिली पाळी होती. दुपारी तो घरी आला तेव्हा जिन्यात ऊन भरलं होतं. प्रियदर्शनीनं दार उघडलं. ती गाऊनमध्ये होती, केस सोडलेले. घरातल्या सगळ्या ट्यूब चालू होत्या.

"किती उशीर!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "फोन तरी करायचा. प्रांजल वाट बघून बघून झोपली."

प्रांजल गोधडीत गुरफटून झोपली होती. शाळेतून आणल्याला जेमतेम दोन तास झाले असतील.

खिडकी उघडी होती. समोर अजिंक्यतारा उन्हात इतका स्वच्छ दिसत होता की तटाचे दगड मोजावेत. प्रियदर्शनी त्याच खिडकीपाशी गेली, बाहेर बघितलं आणि पडदा ओढत म्हणाली, "आज चांदणंसुद्धा नाही."

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात एकही कुंडी नव्हती. तरी घरात रातराणीचा वास येत होता.

जिनेशनं कपाटाकडं बघितलं. तो तिथंच पलंगाच्या कडेला बसून राहिला आणि प्रांजलच्या पाठीवर हात ठेवून तिचा श्वास मोजत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. सकाळी सकाळीच दाराची बेल वाजली. दारात आई उभी होती, हातात कापडी पिशवी. पहाटेची पहिली एसटी धरून आली होती.

"काल दुपारचं प्रांजलला फोन केलता," ती म्हणाली. "म्हणाली, आजी, उद्या बोलू, रात झाली. फोन कुठं ठेवलायस?"

त्यानं डबा काढला. "मी आत्ता जाऊन कृष्णेत टाकून येतो."

"आन माशांनी काय करावं?"

"आई!"

"ज्याच्यापाशी ते ऱ्हाईल, त्याचा दिस जाईल. रानात पुरलास तर तिथं किडामुंगी हाय. आपल्या दारातली रात दुसऱ्याच्या दारात टाकायची व्हय रं?"

"मग माझ्याजवळ राहू दे. मी कुठंतरी लांब खोली घेऊन राहतो."

"प्रांजलचा बाप हायस तू. तुला लय दिस बघायचं हायत अजून. माझं बघून झालं."

त्याला रडू फुटलं. प्रियदर्शनीसमोर, मुलीसमोर, तो ढसाढसा रडला. "नेम मोड की गं मग," तो म्हणाला. "अंधारात जेव. तुला कोण काय म्हणणार आहे?"

त्यानं काहीतरी वंगाळ मागितल्यासारखं आईनं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "घावंल तेवढं खाईन," ती म्हणाली आणि डबा पिशवीत घातला.

गाडीनं सोडतो, म्हणाला, तर तिनं साफ नाही म्हटलं. त्या डब्याजवळ तू बसायचं नाहीस. गाय आज बनूच्या गोठ्यात बांधून टाकते. एसटीत तर घटकाभराचंच काम, कुणी त्याच्यापाशी राहायला आलेलं नसतं, आणि घंटा व्हायच्या आत मी घरात असते. हिशेब तिचा बरोबर होता. काल प्रियदर्शनीनं घंटा जेवणाच्या सुमाराला ऐकली होती. आता तर कुठं सकाळचे नऊ होत होते.

स्टँडवर पलूसमार्गे सांगलीला जाणारी गाडी लागलीच होती. आईला खिडकीची जागा मिळाली. सकाळचं कोवळं ऊन तिच्या तोंडावर आलं होतं. मांडीवरची पिशवी तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"घरी जा आता," ती खिडकीतून म्हणाली. "आन प्रांजलला सांग, आजी..."

पिशवीत घंटा वाजली. बारीक, लांबून आल्यासारखी. गाडीतल्या कुणीही मान वळवली नाही.

आई बोलायची थांबली.

"आई?"

ती आवाजाकडं वळली आणि त्याच्या बाजूला, रिकाम्या फलाटाकडं बघत राहिली.

कंडक्टरनं डबल बेल दिली. गाडी हलली. जिनेश खिडकीबरोबर धावू लागला. आईनं हात वर केला. तिनं निरोप दिला असं वाटून त्यानंही हात वर केला आणि हलवला, गाडी फाटकापर्यंत जाईतो हलवत राहिला.

मग त्याला दिसलं. ती हात हलवत नव्हती. तळहात अगदी डोळ्यांशी नेऊन ती त्याच्यावरच्या रेषा शोधत होती. त्या हातावर सकाळचं ऊन पडलं होतं.