विरोधात संज्योत नेरूरकर

प्रतिमत योजना आणण्यात हेमंत नेरूरकरांचा फायदा काय होता, तर त्यांना हवी होती गुरुवारची संध्याकाळ. आंबेवळण नगरपरिषदेचे ते मुख्याधिकारी. दर गुरुवारची प्रभागसभा त्यांचं रक्त आटवत असे. गणपूर्तीइतकी माणसं कधी यायची नाहीत, आणि यायची ती नगरपरिषदेला धुऊन काढायलाच. धुणाऱ्यांत सर्वांत पुढे टेकडी वसाहतीच्या संज्योत नेरूरकर, म्हणजे त्यांच्याच पत्नी. "साहेबांना घरी कोथिंबीर आणायची आठवण राहत नाही," ती भर सभेत म्हणे, "तिथे टेकडीचं पाणी काय लक्षात राहणार?" सभा खो खो हसायची. साहेब ज्या बाजूला, त्याच्या उलट संज्योत, आणि संज्योतच्या मागे अख्खी टेकडी, असा रिवाजच पडून गेला होता.

मग डॉ. रेशमा मुजावर ही तरुण संगणकशास्त्रज्ञ नगरपरिषदेत आली. प्रत्येक नागरिकाची सभेतली भाषणं, तक्रारी, फोनवरची भांडणं गोळा करून तिने त्याचं प्रतिमत घडवलं. एखाद्या प्रश्नावर तो माणूस जे बोलला असता, तेच त्याच्या आवाजात बोलणारं. माणसांनी घरी बसायचं, प्रतिमतांनी सभागृहात भांडायचं आणि ठराव करायचे. उपस्थिती एकदम पूर्ण. पुरस्कार आला, हार पडले. गुरुवार सुटला.

पुढे तीसेक वर्षं गेली. निवृत्तीनंतर तो सुटलेला गुरुवार नेरूरकर कुठे घालवू लागले, तर त्याच सभागृहात. पक्षाघाताने संज्योतची वाचा गेली होती. घरी ती खिडकीशी बसून राहायची, पटलं तर मान हलवायची. सभागृहात मात्र ध्वनिक्षेपकातून तिचा जुना खणखणीत आवाज यायचा, आणि रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटे बसलेले नेरूरकर स्वतःवरचेच टोमणे मन लावून ऐकायचे. गटाराच्या चर्चेतही ती कोथिंबीर काढायचीच. ते हसायचे. पूर्वी घरी परतल्यावर दोघं याच टोमण्यांवरून पुन्हा भांडायची आणि मग चहा व्हायचा. आता नुसता चहा व्हायचा.

अडचण बसची निघाली. संज्योतला उपचारांसाठी वरचेवर खाली रुग्णालयात न्यावं लागे. रिक्षावाले टेकडी चढायला तयार नसत, उपचार चुकत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चालू राहिलं तर हातपायही जातील. नेरूरकरांनी टेकडीसाठी बस मागितली. प्रतिमत-सभेने अर्ज एकमताने फेटाळला आणि सायकलमार्ग मंजूर केला.

ते तडक रेशमाकडे गेले. "शेजारचा घाग काठी टेकत दुधाला जातो, आणि त्याचं प्रतिमत सायकल मागतंय?"

"सर, प्रतिमत जगतं बोलण्यावर," रेशमा म्हणाली. "प्रतिमतं आली आणि लोकांनी बोलणंच सोडलं. माणूस गप्प बसला की त्याचं प्रतिमत त्याच वयात थांबतं. टेकडी म्हातारी झाली, तिची मतं अजून पस्तिशीत आहेत."

"मग गाव चालवतंय कोण?"

"आपणच. पण तेव्हाचे."

उपाय होता. पुनर्भरण. घरोघर जाऊन प्रत्येकाला नव्याने विचारायचं आणि प्रतिमतं नव्याने घडवायची. त्यालाही सभेची मंजुरी लागणार होती. नेरूरकरांनी ठराव दाखल केला. त्यावर नागरिकाला स्वतः उभं राहून बोलायची मुभा होती. ती आजवर कुणी वापरली नव्हती, हा भाग वेगळा.

सभागृहाच्या दारात रेशमाने त्यांना थांबवलं. इतके दिवस ती सांगायचं टाळत होती, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"काकूंचंही नवीन घडेल, सर. त्या मान हलवतात, तेवढीच नोंद होईल."

"आणि जुनं?"

"पुसावं लागेल. एका माणसाची दोन मतं नकोत, हा नियम तुमच्याच सहीचा आहे."

"निदान ध्वनिमुद्रण?"

"ठेवा की. पण ते तुम्हाला उलट बोलणार नाही."

ठराव मांडून झाला होता. आता तो सभेचा होता, मागे घेता येत नव्हता. नेरूरकर आत गेले. पुनर्भरणाच्या बाजूने करायचं भाषण त्यांना तोंडपाठ होतं. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "पुनर्भरणाची काही गरज नाही. आहे ते उत्तम चाललंय."

ध्वनिक्षेपक खरखरला.

"उत्तम?" संज्योतचा आवाज आला. "साहेबांना उत्तम वाटतं, तेव्हाच टेकडीनं जागं व्हायचं असतं. दारोदार जाऊन विचारायला पाय दुखतात का तुमचे? या माझ्या घरी. मला काय हवंय ते मी माझ्या तोंडाने सांगीन."

"संज्योत, ऐक माझं. या वेळी तरी."

"इथे मी तुमची संज्योत नाही, प्रभागाची नागरिक आहे. आणि ऐकायचंच असतं तर घरीच ऐकलं नसतं का?"

पस्तिशीतला घाग ध्वनिक्षेपकातून पोट धरून हसला. पाठोपाठ सगळी टेकडी हसली, आणि नेहमीप्रमाणे संज्योतच्या मागे गेली. ठराव मंजूर झाला. नेरूरकर मटकन खुर्चीत बसले. ज्या बाजूला आपण, त्याच्या उलट ती. हा हिशेब साऱ्या गावाला पाठ होता, आणि ऐन वेळी विसरले तेवढे तेच.

पुनर्भरण झाल्यावरच्या पहिल्या सभेत घागने कठडे मागितले, कुणी बाकं मागितली, बस तर बिनविरोध झाली. पडद्यावर नाव उमटलं, संज्योत नेरूरकर, आणि समोर एकच शब्द आला. सहमत.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. वळणावर नेरूरकर तिला मुद्दामच म्हणाले, "हा रस्ता मीच करून घेतला बरं का." रस्ता तिनेच भांडून करून घेतला होता. ते वाट पाहत राहिले. तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली.

बस घागला मिळाली, टेकडीला मिळाली, येणाऱ्या सगळ्या म्हातारपणांना मिळाली. सर्वांचं भाडं मात्र संज्योतने एकटीने भरलं, आणि तेही नवऱ्याला न जुमानता.