कोनाकोनी पन्नास मीटर

हरकतीचा अर्ज मी चहा पिता पिता उघडला आणि चहा नाकातून यायचाच बाकी राहिला. अर्जात एकच ओळ होती: 'आई मयत नाही. ती जागेतच आहे.' खाली सही आणि व्यवसायाच्या रकान्यात 'शिवणकाम'.

बावीस वर्षं मी जमिनींच्या नोंदी करतोय. माणूस गेला की त्याचं नाव कमी करायचं, वारसांची लावायची, त्यांनी जागा विकली की घेणाऱ्याचं लावायचं. इथेही काम सरळ होतं. आई नऊ वर्षांपूर्वी बेपत्ता झालेली. मुलानं कोर्टातून तिला मयत ठरवून घेतलं आणि बहिणीला न विचारता जागा शेजारच्या गोदामवाल्याला विकून टाकली. बहीण त्याच जागेतल्या दोन खोल्यांत राहत होती. तिनं हरकत घेतली. भावाबहिणींच्या भांडणात लोक काय काय कारणं देतात ते मला नवीन नाही, पण बेपत्ता आईला परसात उभी करणारी ही पहिलीच.

भाऊ चष्म्यांच्या दुकानाचा मालक, मऊ बोलणारा. तो कचेरीत आला तेव्हा मी जरा चेष्टेनंच म्हणालो, "तुमच्या बहिणीचं म्हणणं आहे, आई जागेतच आहे."

मला वाटलं हसेल, नाहीतर चिडेल. त्यानं चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"तेवढं एक नाव कमी करा साहेब," तो म्हणाला. "हात जोडतो."

टेबलावर बसूनच मोजणी उरकणारे आमच्यात कमी नाहीत. माझी मात्र खोड आहे, जागेवर पाय ठेवल्याशिवाय सही करत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी तिथे पोचलो. एका बाजूला गोदामाची उंच भिंत, तिच्यामागे हातोड्यांची ठकठक, बाकी तिन्ही बाजूंना कमरेएवढं कुंपण. मध्ये मोकळी जमीन, थोडं गवत, आणि एका कोपऱ्यात त्या दोन खोल्या. चारही बाजू बाहेरून मोजल्या. तीस, चाळीस, तीस, चाळीस. नकाशाशी बोटभराचा फरक नाही.

खोलीच्या दारात बहीण शिवणाची मशीन चालवत बसली होती. पन्नाशीची, गळ्यात मापाची टेप, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा.

"बाहेरून काय मोजताय?" तिनं विचारलं. "आतून मोजा की. या उंबऱ्यापासून त्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत. कोनाकोनी."

"फार तर पन्नास भरणार, ताई. शाळेतलं गणित आहे."

"मग भरू दे ना."

तिनं टेपचं टोक उंबऱ्यावर धरलं आणि मी चालू लागलो. पन्नास मीटरची टेप संपली. कोपरा तेवढाच दूर. मी चुकलो असेन म्हणून खुंटी ठोकली, टोक तिथे अडकवलं आणि पुढे निघालो. शंभर. पुन्हा खुंटी. दीडशे. घाम फुटला तरी मोजत राहिलो, कारण मोजणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही. चौथी खुंटी दोनशेवर ठोकली आणि मागे पाहिलं. खोलीचं दार काडेपेटीएवढं झालं होतं. गोदामातली हातोड्यांची ठकठक कधी थांबली ते कळलंच नव्हतं. चुण्या सोडल्या की कापड जसं उलगडत जातं, तशी ती जमीन पुढे पुढे उलगडत गेली होती.

आणि खूप पुढे एक बाई होती. हातात बादली, खांद्यावर ओले कपडे.

पाचावर धारण बसायला हवी होती. तसं झालं नाही. एवढं अफाट काहीतरी त्या कमरेएवढ्या कुंपणाच्या आत मावलंय, हे पाहून माझा ऊर भरून आला. मी डोक्यावरची टोपी काढली आणि नुसता उभा राहिलो.

परत फिरलो तर पन्नासाव्या मीटरला दारात. चार ठोकल्या होत्या, वाटेत खुंटी एकच लागली.

"दिसली ना?" ती मशीन थांबवून म्हणाली.

"दिसल्या."

"कपडे वाळत घालायला गेली होती. परत येतेय. हल्ली जरा लहान दिसते, पण तो माझ्या डोळ्यांचा दोष. शिवून शिवून अधू झालेत. दादा दरवर्षी चष्मा करून देतो, तरी अंधूकच." मग ती एकदम माझ्याकडे वळली. "इथे गोदाम झालं, तर ती यायची कुठून, साहेब?"

मी टेप गुंडाळली. संध्याकाळी मी भावाच्या दुकानात गेलो. त्यानं गिऱ्हाईक घालवलं आणि हळूच विचारलं, "पाठमोरी होती ना?"

मी मान हलवली. मला पाठच दिसली होती.

"बहिणीचा नंबर अडीच आहे. मी दीडचीच भिंगं बसवून देतो. पाच वर्षं झाली."

"अहो, पण का?"

"नीट दिसलं तर तिला कळेल ना, आई येत नाहीये, जातेय." तो म्हणाला. "एक दिवस आई दिसायचीच बंद होईल. त्याच्या आत तिथे भिंत उभी राहू दे. मग ती भिंतीला दोष देईल, मला शिव्या देईल. चालेल मला."

मला त्याची फार कीव आली. विक्री अडवण्यात कुणाचा फायदा होता? तरी सही करवेना. एकदा नीट बघावं आणि मग काय ते लिहावं, असं ठरवून दुसऱ्या दुपारी मी मोजणीची दुर्बीण घेऊन गेलो. उंबऱ्यावर तिकाटणं उभं केलं, भिंग कोनाकोनी लावलं. बहीण माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि तिनं हाक मारली, "आईऽऽ!"

"रोज मारते," ती म्हणाली. "नऊ वर्षं."

भिंगात ती बाई थांबली.

आताची हाक एवढ्यात पोचणं शक्य नव्हतं. कधीची कोणती हाक पोचली, कुणास ठाऊक. बाईनं बादली खाली ठेवली. खांद्यावरच्या कपड्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. ती वळली. चेहरा तरुण होता, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या लेकीपेक्षाही तरुण. तिनं हात वर केला.

"हात केला!" चष्म्यातून अंधूक दिसलं तेवढ्यावर लेक माझा दंड धरून ओरडली. "अहो, हात केला तिनं!"

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. भाऊ चुकला होता. मी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं: 'मूळ मालक जागेवर हजर. नाव कायम ठेवावे. विक्रीची नोंद नामंजूर.' बहिणीची सही घेतली. सही करताना ती हसत होती.

ती भावाला फोन करायला आत पळाली. दुर्बीण आवरण्याआधी मी पुन्हा एकदा डोळा लावला.

बाईचा हात अजून वरच होता. भुवयांवर आडवा धरलेला, ऊन अडवायला. ती डोळे बारीक करून आमच्या दाराकडे बघत होती. बराच वेळ बघितलं तिनं. मग अनोळखी माणसानं उगाच हाक मारली की आपण हलवतो तशी मान हलवली, बादली उचलली आणि पाठ फिरवून चालू लागली.